लोपोची बाजू

दुआर्तेची खूण निघाली तेव्हा मी हसत होते, हे आधीच सांगून टाकते. पुढे माझ्याबद्दल लोकांनी पुष्कळ काय काय सांगितलं आणि त्यातलं बरंचसं खरं आहे. पण मी त्या सकाळपासून सगळं जाणून होते आणि गुमान बसले होते, असं जे म्हणतात ते साफ खोटं. ज्याला त्या दिवशी मला बघायचं असेल त्यानं हसताना बघावं. टोपीत हात घालताना कप्तानाची रेशमी बाही खिळ्याला अडकून टरकन फाटली, आणि अशा माणसाला समुद्र ओलांडायचाय म्हणून मी शेजारणीला कोपर मारून हसत होते.

आमच्या व्हिला दो कोंद बंदरात जहाज पाण्यात जायच्या दिवशी असंच करतात. फळ्यांच्या सांधी ज्यांनी भरल्या त्या सगळ्यांच्या खुणा लाकडाच्या ढलप्यांवर डागायच्या, ढलपे कप्तानाच्या टोपीत टाकायचे, आणि ज्याची खूण निघेल त्यानं त्या जहाजाबरोबर जायचं. जहाज गिनीला जावो नाहीतर पृथ्वीच्या कडेला. आपण भरलेल्या सांधीवर आपल्यालाच झोपायला लागेल हे ठाऊक असलं की माणूस हात आखडत नाही. म्हणून आमच्याकडे कुणी कुणाची सांध तपासत नाही. दुसऱ्याच्या सांधीवर लाकडी मोगर मारून ती खणखणीत वाजते की पोकळ, हे बघणं म्हणजे त्याच्या बायकोबद्दल बाजारात विचारपूस करण्यासारखं. पन्नाशी उलटली की मात्र नाव टोपीतून काढतात. लोपो, माझा नवरा, अठ्ठावन्नचा. त्याचा ढलपा आठ वर्षांपूर्वीच चुलीत गेला, आणि मी तो स्वतःच्या हातानं घातला.

दुआर्ते माझा जावई. माझ्या मेसियाला सातवा महिना. ढलप्यावर त्याची खूण, मासा, पाहिली आणि मी कोपर मागे घेतलं.

"घ्या सासूबाई," दुआर्ते माझ्याकडे येत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण जीभ जागेवर होती. "दोन वर्षं तुमच्या कोबीच्या कढणातून सुटलो."

"तिकडे किडे पडलेला पाव खाशील तेव्हा माझ्या कढणाची आठवण काढशील."

"आठवण नक्की काढीन. किडे बघितले की तुमचीच आठवण येईल."

मेसिया रडत होती आणि रडता रडता त्याच्या पाठीत गुद्दे मारत होती. गिल मेस्त्रींची बायको व्हिओलांत तिथे आली. गिल म्हणजे आमच्या जहाजांच्या कारखान्याचे मुख्य. दोन वर्षांपूर्वी 'सांव ब्रास' निघालं तेव्हा त्यांच्याच मुलाची, आल्वारोची, खूण टोपीतून निघाली होती. ते जहाज अजून आलेलं नाही. वर्षभरात येणार होतं. बावीस माणसं त्यावर, सगळी इथलीच नाहीतर नदीपलीकडच्या काठावरची. पण समुद्राचं काय, तीन-तीन वर्षांनी परतलेली जहाजं आम्ही पाहिली आहेत.

"रडू नकोस गं," व्हिओलांत मेसियाचे डोळे पुसत म्हणाली. "माझा आल्वारो मागच्याच्या मागच्या नाताळाला यायचा होता. आला का? नाही. मग मी मेले का? रोज त्याचं अंथरूण झटकते. तुझ्या बापानं आणि नवऱ्यानं भरलेलं जहाज आहे हे, ह्याला काय होतंय?"

"खरंय," मी म्हणाले. आणि मला ते खरंच वाटत होतं.

'सांता इरिया' काठावर उभं होतं, तीन डोलकाठ्यांचं, नव्या राळेनं काळंभोर चकाकणारं. त्याचं पोट, म्हणजे पाण्याखाली राहणारा भाग, दोघांनी भरला होता. नदीकडची बाजू दुआर्तेनं, चर्चकडची लोपोनं. वरचं सगळं बाकीच्यांनी. पोटाचं काम गिल मेस्त्री ऐऱ्यागैऱ्याला देत नाहीत. दुपारची भरती चढली की जहाज पाण्यात, आणि उद्या सकाळी समुद्रात.

आता लोपोच्या कानाचं सांगायला हवं.

आमच्या धंद्यात म्हातारे सगळेच मोठ्यानं बोलतात. चाळीस वर्षं कानाशी मोगर वाजला तर दुसरं काय होणार. लोपोला आधी कोंबडा ऐकू येईना, मग पाऊस. मला वाटे, दुर्लक्ष करतोय. नवऱ्यांना बायकोचं बोलणं ऐकू न येण्याचा आजार लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनच असतो. मग एक दिवस, 'सांव ब्रास'चं काम चालू असताना, त्याच्या पाठीमागे उकळत्या राळेची कढई कलंडली. सगळा काठ ओरडला. तो ढिम्म. वाकून छिन्नी मारत राहिला. मी धावत जाऊन त्याला दंडाला धरून ओढला, आणि राळ त्याच्या टाचेमागून वाहत गेली. लोक म्हणाले, लोपोला कामापुढे जगाची शुद्ध नसते. घरी आल्यावर त्यानं चुलीकडे तोंड करून मला सांगितलं की उजवा पार गेलाय आणि डावा गेल्यात जमा आहे.

"मग सांध भरली की नाही हे तुला कळतं कसं?" मी त्याच्या समोर येऊन, तोंड मोठं करून विचारलं.

"हाताला कळतं," तो म्हणाला. "चाळीस वर्षांचा हात आहे. हात बहिरा होत नसतो."

मी ते मानलं. मानलं म्हणजे, मला ते मानायचं होतं. लोपोकडून मोगर काढून घेतला असता तर तो दाराशी बसून माशा मारत मेला असता, आणि मी ते बघत मेले असते. तेव्हापासून मी त्याचा कान झाले. माझं काम जुने दोर सोडवून, पिंजून त्यांच्या वाती वळायचं. त्या वाती छिन्नीनं सांधीत कोंबतात आणि वरून राळ ओततात. हे काम बायका घरी बसूनही करतात. मी माझी टोपली घेऊन लोपोच्या पायाशी वाळूत जाऊन बसू लागले. कुणी हाक मारली की त्याच्या घोट्याला खडा मारायचा. कुणी काही विचारलं की तो बोलायच्या आत मीच उत्तर द्यायचं. अख्खा कारखाना हसायचा. लोपोचं तोंड बायकोनं गहाण ठेवून घेतलंय म्हणायचे. गिल मेस्त्री स्वतः म्हणायचे, "लोपो, घरी शिंकायला तरी परवानगी आहे का रे?" मी म्हणायची, "रविवारी आहे." दोन वर्षं हे चाललं आणि कुणाला वास लागला नाही. मला त्याचा अभिमान होता, हेही सांगून टाकते. एवढं मोठं गुपित एकटीनं सांभाळतेय म्हणून मी स्वतःवर खूश असायची.

'सांव ब्रास'नंतर मोठं जहाज झालं नाही, मासेमारीच्या होड्या झाल्या. लोपोनं केलेल्या एका होडीत पाणी येतं म्हणून एक कोळी कुरकुरत आला होता. मी त्याला असा फैलावर घेतला की तो पुन्हा आमच्या गल्लीतून गेला नाही. खडकावर होडी घासायची आणि नाव माझ्या नवऱ्याचं. 'सांव ब्रास' आणि लोपोचा कान ह्या दोन गोष्टी मी कधी एका ताटात वाढून घेतल्या नव्हत्या. शपथेवर सांगते.

तर त्या दिवशी, टोपीतून ढलपा निघाला आणि सगळे जेवायला गेले. दोरांच्या कोठारासमोर फळ्या मांडल्या होत्या, भाजलेल्या सार्डिन मासळीचा धूर होता, कप्तानानं दारूची पिंपं उघडली होती. मी मागे राहिले. जहाजाबरोबर जाणाऱ्याला वाटेत दुरुस्तीसाठी वाती लागतात. जावयाचं गाठोडं मीच बांधणार, दुसऱ्या कुणाच्या हातच्या वाती त्याला का देऊ? दुआर्तेच्या टोपल्या बघितल्या. सगळ्या रिकाम्या. शेवटच्या आठवड्यात तर दोनदा येऊन त्यानं जास्तीच्या वाती नेल्या होत्या आणि मी त्याला उधळ्या म्हणाले होते. "तुझा सासरा बघ," मी म्हणाले होते, "तेवढीच बाजू, आणि वाती उरवतो. त्याला कसलेला हात लागतो."

मग लोपोच्या टोपल्यांवरचं कापड मी उचललं. पाच टोपल्या शिगोशीग भरलेल्या होत्या. माझ्याच वळलेल्या वाती, मी आणून दिल्या तशाच.

मी खाली बसले. दोन्ही बाजू सारख्या. फळ्या सारख्या, सांधी तितक्याच खोल. एका बाजूच्या पोटात ज्या पाच टोपल्या गेल्या त्या दुसऱ्या बाजूच्या पोटात नव्हत्या, त्या माझ्यासमोर होत्या. होड्यांच्या वेळीही वाती उरल्या होत्या. आणि 'सांव ब्रास'च्या वेळी तर मी उरलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन सगळ्या गल्लीतून मिरवत आले होते, बायकांना दाखवत, की बघा, कारागीर असावा तर असा. जून महिना होता, वाळू पायाला भाजत होती, आणि मी त्या पाच टोपल्या पुन्हा मोजल्या.

लोपोचा मोगर तिथेच पडला होता. मी तो उचलला. आधी नदीकडे गेले आणि दुआर्तेच्या सांधीवर मारला. टण्. खणखणीत, दाताशी झिणझिणणारा. तीस वर्षं मी हा आवाज ऐकत वाती वळल्या आहेत, झोपेतसुद्धा ओळखीन. मग जहाजाच्या शेपटाकडून वळून चर्चच्या बाजूला आले. मोगर मारला. बद्. पुढे सरकले. बद्. आणखी पुढे. एका ठिकाणी टण् वाजलं आणि मला रडू आलं, पण हातभर पुढे पुन्हा बद्. राळ वरून इतकी सुरेख ओतली होती की आरशासारखी. मी मोगर छातीशी धरून उभी राहिले. मेसियाच्या पोटातलं मूल माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि त्याच्या बापाच्या अंथरुणाखालून आत शिरणारं पाणी.

भरतीला तीन तास होते.

लोपोला मी जेवणावरून हाताला धरून उठवून आणला. कोठाराच्या मागे नेला, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि शब्द शब्द तोडून सांगितलं. वाती उरल्यात. मी मोगर मारून पाहिला. आत पोकळ आहे.

"तू मोगर मारलास?" तो म्हणाला. त्याला पोकळ हा शब्द कळला, पण दुखलं ते हे. "माझ्या सांधीवर?"

मी मान हलवली.

"जावयाला घरी ठेवायचंय तुला. म्हणून हे सोंग."

मी पुन्हा सांगितलं. त्यानं माझे हात झटकले.

"तीस वर्षं वाती वळल्यास म्हणून कारागीर झालीस का? वात तोंडाशी घट्ट बसते, हाताला कळतं. माझा हात—" त्यानं तो माझ्या नाकासमोर धरला. काळा, राळेनं भेगाळलेला, चांगला हात. मी ह्या हातावर आयुष्य काढलंय. "ह्या हाताला तू खोटं पाडतेस?"

आणि तो तरातरा निघाला. मला वाटलं, रागानं घरी जाईल. तो सरळ जेवणाच्या फळ्यांकडे गेला आणि गिल मेस्त्रींसमोर उभा राहिला. आमच्याकडे ज्यानं सांध भरली त्यानं स्वतः आपली छिन्नी दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय त्याची सांध कुणी उघडू शकत नाही. लोपोनं कमरेची छिन्नी काढून सार्डिनच्या ताटाशेजारी ठेवली.

"माझी बायको म्हणते माझी बाजू पोकळ आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. त्याचा आवाज आता कायमच एवढा मोठा असे, पण लोकांना वाटलं चिडलाय. "चल, उघड. सगळ्यांसमोर उघड आणि हिचं तोंड बंद कर."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, अखेर तोंड सुटलं म्हणायचं गहाणातून. गिल मेस्त्री हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात अजून मोगर होता.

"ब्रितेश, वेड लागलंय का तुला?"

"लागलं असतं तर बरं होतं, मेस्त्री," मी म्हणाले. "उघडा."

सगळा जमाव जहाजाशी आला. कप्तान हातातला पेला घेऊन आला, फाटक्या बाहीनिशी. व्हिओलांत आणि मेसिया एकमेकींच्या हातात हात घालून आल्या. लोपोनं जागा दाखवली, जहाजाच्या तळाच्या कण्यापासून चौथी फळी. गिल मेस्त्रींनी राळ खरवडली, छिन्नीचं टोक वातीखाली घातलं आणि उचकटलं. वात सालीसारखी निघाली. तिच्याखाली दुसरी वात असायला हवी होती आणि तिच्याखाली तिसरी. गिलनी करंगळी घातली. ती दोन पेरं आत गेली.

लोपो वाकून बघत होता. मग त्यानं पुढे होऊन दुसरी जागा दाखवली, घाईघाईनं, दुकानदार खराब माल बाजूला सारून दुसरा दाखवतो तशी. तीही तशीच. तिसरी त्यानं बराच वेळ हात फिरवून, डोळे मिटून निवडली. तिथे छिन्नी लावल्याबरोबर वातीचा हातभर तुकडा आपणहून लोंबला. चौथी जागा त्यानं दाखवली नाही. आपला हात उलटा करून, सुलटा करून बघत राहिला. मला त्या क्षणी असं वाटलं की मी त्याला भर चौकात नागवा केलाय. आणि तरी दुआर्ते वाचला, हेही त्याच क्षणी मनात आलं. दोन्ही एकदम.

"लोपो," गिल मेस्त्री त्याच्या पाठीमागून म्हणाले.

तो हातच बघत होता.

"लोपो." थोडं मोठ्यानं. मग गिलनी माझ्या हातातला मोगर घेतला आणि त्याच्या डोक्यामागे, वीतभर अंतरावर, फळीवर दाणकन मारला. बाया दचकल्या, कप्तानाच्या पेल्यातली दारू सांडली. लोपोच्या मानेवरचा केससुद्धा हलला नाही.

गिल मेस्त्रींनी मोगर खाली ठेवला. अगदी हळू ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी निभावून नेलं असतं, रागाला उत्तर देता येतं. ते माझ्याजवळ आले आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "कधीपासून?"

तेव्हा, त्या एका शब्दात, त्या दोन गोष्टी, लोपोचा कान आणि 'सांव ब्रास', माझ्या ताटात एकदम पडल्या. मी पाहिलं तर व्हिओलांत त्यांच्या खांद्यामागेच उभी होती. तिला प्रश्न ऐकू गेला होता. तिच्या मागे आणखी बायका, ज्यांची माणसं आल्वारोबरोबर गेली होती. दुआर्ते वाचला होता. 'सांता इरिया' आता कुठे जात नव्हतं, ती बाजू पुन्हा भरली जाणार होती. मी खरं सांगून आता कुणाला वाचवणार होते? समुद्राच्या तळाशी असलेल्यांना? आणि असतील कशावरून? वादळं काय कमी असतात?

"ह्या नाताळापासून," मी म्हणाले. "थंडी भरली होती कानात. त्या आधी चांगलं ऐकू यायचं."

गिलनी श्वास सोडला. त्यांनाही ते खोटं हवं होतं, माझ्याइतकंच हवं होतं. व्हिओलांतनं डोळे मिटून छातीवर क्रूस काढला. आता बडबड सुरू झाली. सहा महिने म्हणजे फक्त होड्याच, होड्या काय, तपासून घेऊ, असं कोणी कोणी म्हणू लागलं. मी बोलेन ते लोकांना पटत होतं. दोन वर्षं पटतच आलं होतं.

लोपोनं मान वर केली. चेहऱ्यांवरून त्याला कळलं की काहीतरी विचारलं गेलंय आणि त्याच्याबद्दल विचारलं गेलंय. त्यानं माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं, खड्याची वाट बघत.

"काय विचारतोय गिल?"

मी खडा मारला नाही. दुआर्ते पुढे झाला. दुआर्ते मनाचा चांगला आहे आणि त्याला कशाचाच पत्ता नव्हता. त्यानं सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, डाव्या कानाशी वाकला आणि सगळं बळ लावून ओरडला, "कधीपासून ऐकू येत नाही, असं विचारतायत, मामा."

लोपोनं मान डोलावली. त्याला प्रश्न कळला याचंच त्याला बरं वाटलेलं दिसलं. मी त्याचा हात धरला, दाबला, नखं रुतवली. पण तो लपवायच्या पलीकडे गेला होता. कारागिराला कामाबद्दल विचारलं की तो जसा आठवून, नीट, खरं सांगतो, तसं तो सांगू लागला. नदीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"'सांव ब्रास'च्या वेळी राळेची कढई कलंडली होती बघ माझ्या मागे, ब्रितेशनं मला ओढलं. तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं. त्या अख्ख्या जहाजाच्या कामात मी मोगर ऐकलाच नाही. हाताला कळतं असं वाटायचं."

पलीकडे भरतीचं पाणी चढत होतं. गिल मेस्त्री वाळूत बसले. आधी गुडघे टेकले आणि मग तसेच बसले. मागच्या बायकांत कुणीतरी एक नाव घेतलं, मग दुसरीनं दुसरं. ओरडणं नाही, नुसती नावं.

व्हिओलांत लोपोकडे गेली नाही. ती माझ्याकडे आली. इतक्या जवळ की तिच्या तोंडाला सार्डिनचा वास येत होता.

"तू आत्ता नाताळ म्हणालीस," ती म्हणाली.

"हो."

"तूच ओढलंस ना त्याला त्या दिवशी? मी तिथेच होते. मी म्हणाले होते, बाई, काय नशीब तुझं."

"हो."

"आल्वारो निघाला तेव्हा तुला ठाऊक होतं."

मेसिया माझ्याकडे बघत होती. माझी मुलगी, पोटावर हात ठेवून. मी नाही म्हणू शकले असते. लोपोच्या आठवणीचा काय भरवसा, असं म्हणू शकले असते. माझ्या जिभेवर ते आलंही होतं.

"हो," मी म्हणाले.

"काय म्हणतेय ती?" लोपो माझी बाही ओढत विचारत होता. "ब्रिते, व्हिओलांत काय म्हणतेय?" त्यानं दुआर्तेकडे पाहिलं, मेसियाकडे पाहिलं, मग गिलकडे वळून पुन्हा विचारलं. कुणीच त्याच्या कानाशी वाकलं नाही.